गरम पाण्यात ठेवलेली बाटली

ठाण्याच्या दुकानदाराने मला फसवलं. हार्डनर म्हणून त्याने मला जे विकलं त्यात दुसरंच काहीतरी मिसळलेलं होतं, आणि ते माझ्या बायकोच्या उजव्या डोळ्यात गेलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी माझ्याही चुका सांगणार आहे, तेव्हा मूळ गोष्ट कुणी विसरायला नको.

मी गळाने मासे धरणाऱ्यांसाठी रॉड बनवतो. दुकानात मिळतो तसा तयार नाही. माणसाच्या हाताची लांबी बघून, तो खाडीत टाकणार की कोकणात खडकावरून टाकणार हे विचारून, एकेक बनवतो. शिकवलं कुणी नाही. विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढलो. आई भाजी विकायची, तिच्या टोपलीपाशी बसून भाव करायला शिकलो. मानपाड्याला फायबरचे पत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात सोळा वर्षं काढली, तिथे रेझिनची, त्या सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवाची, ओळख झाली. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा हातात एवढीच विद्या होती. एका मित्राचा मोडका रॉड सांधून दिला, त्याने दुसऱ्याला सांगितलं, आणि डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी मागच्या खोलीचा कारखाना झाला.

यात माझा वाटा अर्धाच. कार्बनच्या कोऱ्या काठीवर गळाची दोरी ओवायच्या कड्या कुठे बसवायच्या, मूठ कशी घ्यायची, हे माझं काम. पण प्रत्येक कडी काठीला दोऱ्याने बांधावी लागते. दोऱ्याचा वेढा वेढ्याला चिकटून, मध्ये केसाएवढीही फट न ठेवता. ते काम बायकोचं. लग्नाआधी ती साड्यांवर जरीकाम करायची. तिला लांबचं कमी दिसतं, म्हणून बारीक कामाला बसताना ती चष्मा काढून ठेवते आणि वस्तू नाकाजवळ नेते. तिचे वेढे बघून गिऱ्हाईक बोट फिरवतं आणि विचारतं, हे मशीनवर केलंय का. मी तेव्हा भाव थोडा चढा सांगतो.

दोरा बांधून झाला की त्यावर इपॉक्सीचा थर द्यायचा. दोन बाटल्या असतात, एकीत रेझिन, दुसरीत ते घट्ट करणारा हार्डनर. दोन्ही सारख्या मापाने घेऊन सावकाश ढवळायचं आणि ब्रशने दोऱ्यावर लावायचं. मग रॉड मोटरवर चढवायचा आणि चार-पाच तास हळूहळू फिरत ठेवायचा, म्हणजे थर एका बाजूला ओघळत नाही. माझी मोटर एका जुन्या मायक्रोवेव्हची आहे, त्याची काचेची ताटली फिरवणारी. तीही उल्हासनगरच्या भंगारवाल्याशी अर्धा तास घासाघीस करून आणलेली.

या सगळ्यात अवघड असते ती ऊब. थंडीत रेझिन काकवीसारखं होतं. ढवळलं की बुडबुडे धरतं आणि सोडत नाही. म्हणून दोन्ही बाटल्या आधी कोमट पाण्यात ठेवायच्या. थर दिल्यावर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून एकदा झपकन फिरवायची, की राहिलेले बुडबुडे फुटतात आणि थर काचेसारखा बसतो. ज्योत थांबली की संपलं. थर घाईने आवळतो, कधी काठीच्या आतलं रेझिन मऊ पडतं, आणि सहा महिन्यांनी मोठा मासा लागला की रॉड बरोबर तिथेच मोडतो. पाण्याचा आमचा नियम होता: बोट बुडवून वीसपर्यंत मोजता आलं पाहिजे. आणि दोन्ही झाकणं घट्ट, कारण हार्डनरला वाफ लागली की तो नासतो. सात वर्षं आम्ही असंच केलं. कधी काही झालं नाही.

मी हार्डनर ठाण्याच्या ज्या दुकानातून आणायचो तो दुकानदार माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, गोड बोलणारा. मी त्याला शेठ म्हणायचो, तो मला भाऊ म्हणायचा. आमचं भांडण दर खेपेला व्हायचं आणि दर खेपेला चहा पिऊन मिटायचं. त्या डिसेंबरात भाव वाढला होता. मी म्हटलं, मला खोका नको, लेबल नको, बिल नको, नुसता माल द्या आणि भाव उतरवा.  तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात त्याने दोन पांढऱ्या बाटल्या काढून दिल्या. वर मार्करने एक अक्षर लिहिलेलं, बाकी कोऱ्या.

घरी येऊन मी एक बाटली उघडून बघितली. पातळ होतं. नेहमीच्या हार्डनरला सुक्या मासळीसारखा वास येतो, याला रंगाच्या दुकानासारखा येत होता. हे माझ्या लक्षात आलं होतं. बायकोच्याही आलं. ती म्हणाली, "अहो, हा वास वेगळा आहे."

मी म्हटलं, पातळ आहे ते बरंच आहे, बुडबुडे कमी धरेल. भाव करून आणलेल्या मालात मला खोट दिसत नाही. स्वस्तात मिळालेली वस्तू मी वापरून बघायच्या आधीच तिची बाजू घ्यायला लागतो.

जानेवारीत एका गिऱ्हाइकाचा रॉड होता. त्याला दुसऱ्या दिवशी मालवणला निघायचं होतं आणि थर रातोरात सुकायला हवा होता. सकाळचे अकरा वाजले असतील. थंडी होती, रेझिन बाटलीतून हलत नव्हतं. बायको गॅसपाशी चहा करत होती. मी तिच्या हातून आधणाचं पातेलं घेतलं, साखर-पावडर टाकायच्या आधीच, आणि ते पाणी बाटल्यांच्या डब्यात ओतलं. बोट घातलं. तीनपर्यंतही मोजता आलं नाही. मी बोट काढलं, कुणी बघत नाही ना ते बघितलं आणि बाटल्या आत ठेवल्या.

तिने चहासाठी दुसरं पाणी ठेवलं. चहा पिऊन ती कामाला बसली, चष्मा काढून खिडकीत ठेवला. माप घेणं तिचंच काम, तिचा हात थरथरत नाही. तिने हार्डनरची बाटली पुसली आणि तोंडाजवळ धरून झाकण फिरवलं.

आवाज फार मोठा नव्हता. सोड्याची बाटली उघडल्यावर होतो तेवढाच. ती ओरडली नाही. तिने नुसतं "अहो" म्हटलं आणि दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. बाटली जमिनीवर पडून गरगर फिरत होती.



कारखान्यात आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती: डोळ्यात काही गेलं तर पाणी, भरपूर पाणी. मी तिला मोरीत नेलं, नळाखाली वाकवलं. डोळा तिने इतका गच्च मिटला होता की मला बोटांनी पापण्या ओढून उघडाव्या लागल्या. ती माझं मनगट धरून मागे ढकलत होती आणि मी तिला खाली दाबत होतो. ज्या माणसाने तुम्हाला वाचवावं त्यानेच तुमच्यावर बळजबरी करावी, तसं ते दिसत असणार. आतलं पांढरं लालभडक झालं होतं. बुबुळावर धुरकट सायीसारखं काहीतरी होतं. मला वाटलं, हे पाणी आहे. मी पुन्हा पाणी मारलं. साय तिथेच होती.

चार-पाच मिनिटं धुतलं असेल. मग माझा धीर सुटला. आता दवाखाना, एवढंच डोक्यात. तिला धरून खाली आणलं, रिक्षा थांबवली, कल्याणच्या डोळ्यांच्या इस्पितळाचं नाव सांगितलं. रिक्षावाला म्हणाला, "तीनशे होतील."

मी म्हटलं, "दोनशे."

शपथेवर सांगतो, मी ते ठरवून म्हटलं नाही. तोंड आपोआप बोललं. बायको माझ्या खांद्याला डोकं टेकवून, ओला पदर डोळ्यावर दाबून उभी, आणि मी भाव करत होतो. रिक्षावाल्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "बस काका. पैशाचं नंतर बघू." मला मान वर करता आली नाही.

कल्याण-शीळ रस्त्याला रिक्षा अडकली. पुढे शीळफाट्याकडून येणाऱ्या कंटेनरची रांग, बाजूला खणलेला रस्ता. रिक्षावाल्याने न सांगता स्वतःची पाण्याची बाटली मागे दिली. मी ती थेंब थेंब करून तिच्या डोळ्यावर ओतत होतो. पाणी संपत आलं तसा मी बाटली आणखी हळू कलती करत गेलो. बायको काही बोलत नव्हती. ती नेहमी बोलते. मला तिचं बोलणं नकोसं होतं असे दिवस मी बघितले आहेत. त्या अर्ध्या तासात तिने काहीही म्हणावं, मला शिव्या द्याव्यात, म्हणून मी मनातल्या मनात नवस बोललो.

मग ती बोलली. "एक डोळा मिटून दोरा गुंडाळता येतो का हो?"

मी म्हटलं, गप्प बस.

इस्पितळात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कागदाची एक पट्टी डोळ्याच्या कोपऱ्याला लावली. ती गडद निळी झाली, म्हणजे डोळ्यात अजून क्षार होता. त्यांनी नर्सला सलाईनची बाटली आणायला सांगितली, नळी डोळ्यावर धरली आणि धुणं सुरू झालं. तेव्हाच मला कळलं की घरी मी फार लवकर थांबलो होतो. अर्धा तास धुवायला हवं होतं. दर पाच-दहा मिनिटांनी नवी पट्टी, आणि ती पुन्हा निळी. मी पट्ट्या मोजत होतो. धुता धुता त्यांनी मला विचारलं, "काका, त्यात काय होतं?"

मी म्हटलं, हार्डनर.

"कुठला? नाव काय? बाटली आणलीत?"

बाटली निघताना उचलली होती, खिशातच होती. त्यांनी ती उलटसुलट केली, मार्करचं अक्षर बघितलं, वास घेतला आणि मान मागे घेतली. "याला थिनरसारखा वास येतोय. यावर काही लिहिलेलंच नाही. विकणाऱ्याला फोन करून विचारा, आत्ता. काय आहे ते कळलं तर पुढचं मला ठरवता येईल."

आणि मग, माझ्याकडे न बघता, "हे डोळ्यात उडालं कसं? बाटली गरम केली होती?"

मी म्हटलं, कोमट पाण्यात ठेवली होती.

बायकोच्या पायाशी उभा राहून मी हे खोटं बोललो. ती पाठीवर पडली होती, नळी डोळ्यावर. तिने ऐकलं. 

मी व्हरांड्यात येऊन फोन लावला. शेठ आधी नेहमीसारखेच बोलले, भाऊ कसे आहात, माल एक नंबर आहे ना. मी सगळं सांगितलं.  मग त्यांनी विचारलं, कुठला माल म्हणताय तुम्ही? माझ्याकडूनच नेलात याला पुरावा काय आहे तुमच्याकडे?

मी आयुष्यात कुणाकडे काही फुकट मागितलेलं नाही. त्या दिवशी मागितलं. म्हटलं, "शेठ, मला तुमच्याकडून काही नको. पोलीस नको, भांडण नको. त्यात काय मिसळलंय तेवढं सांगा. डॉक्टर वाट बघतायत."

ते म्हणाले, "तुम्हाला जे हवं होतं ते दिलं, भाऊ." आणि फोन ठेवला. नंतर सात वेळा लावला, उचलला नाही.

मी आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं की तो सांगत नाही. त्या म्हणाल्या, ठीक आहे, मग आपण जास्तीत जास्त वाईट धरून चालू. हे शब्द त्यांनी अगदी साधेपणाने वापरले. जास्तीत जास्त वाईट म्हणजे काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पट्टी हिरवट यायला सव्वा तास लागला.

पुढचे सहा आठवडे मी भीतीत काढले, आणि ती भीती सकाळची होती. जागेपणी तासातासाला थेंब घालायचे होते. पण सकाळी उठल्यावर ती पहिलं काम करायची ते हे: डावा डोळा हाताने झाकायचा आणि मला म्हणायची, दोऱ्याची रिळं धरा. मी एक लाल रीळ धरायचो, एक मरून. ती सांगायची, हे कुठलं. पहिले दहा दिवस तिला दोन्ही सारखीच राखाडी दिसत होती. मी रिळं धरून तिच्या उत्तराची वाट बघायचो. अकराव्या दिवशी तिने लाल ओळखला. मी दुसऱ्यांदा धरला तेव्हा चुकली. मला कळेना की पहिलं खरं होतं की अंदाज होता.

एकदा, रिळं खाली ठेवल्यावर, तिने विचारलं, "ते आधणाचं पाणी तसंच ओतलंत ना?"

मी मान हलवली. मग आठवलं की तिचा चांगला डोळा हाताखाली आहे, म्हणून तोंडाने म्हटलं, "हो."

"मला वाटलंच. दुसरं पाणी मीच ठेवलं ना." मग ती म्हणाली, "तुम्ही त्या माणसाचं कुणाला सांगाल, तेव्हा हेही सांगा. अर्धंच सांगू नका."

म्हणून सांगतो आहे.

पण आधणाच्या पाण्याने हार्डनर उडत नाही. मी पुन्हा पुन्हा विचार केला. कारखान्यात तापलेल्या शेडमध्ये, एप्रिल-मेच्या उन्हात, हार्डनरचे डबे पडून असायचे; एकही फुगलेला आठवत नाही. फुगतं ते थिनर. माल वाढवायला त्यात पटकन उडणारं काहीतरी ओतलं होतं, ते गरम होऊन झाकणाखाली दाबून बसलं. हा माझा तर्क. पोलीस चौकीत हाच तर्क सांगितला, तर त्यांनी बिल मागितलं. बिल मीच नको म्हटलं होतं.

माझ्याकडे दुसरी बाटली होती, न उघडलेली. ती तपासायला देता आली असती. शांत डोक्याच्या माणसाने तेच केलं असतं. मी ती पिशवीत घातली, थर्मासमध्ये उकळतं पाणी भरलं, एक स्टीलचा डबा घेतला आणि दुपारी ठाण्याला गेलो.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी काउंटरवर डबा ठेवला, त्यात पाणी ओतलं, बाटली ठेवली आणि गिऱ्हाइकांना म्हटलं, जरा लांब उभे राहा. शेठ गादीवरून म्हणाले, "भाऊ, हे काय चाललंय?"

मी म्हटलं, काही नाही, कोमट करतोय.

मिनिटभर काही झालं नाही. मग बाटलीच्या कडा गोल होऊ लागल्या. पांढरं प्लास्टिक ताणलं गेलं, बूड फुगून बाहेर आलं, आणि बाटली पाण्यात एका बाजूला कलंडली. झाकण नेमकं गादीकडे झालं. तेव्हा शेठ उठले. आधी दोन पावलं मागे सरकले. मग गळ्यातला पंचा हाताला गुंडाळला, बाटली पाण्यातून उचलली, झाकण भिंतीकडे वळवलं, मान बाजूला फिरवली आणि झाकण अर्धंच फिरवून हवा हळूहळू सोडली. भिंतीवर फवारा उडाला. वास सगळ्या दुकानात पसरला.

इतक्या सफाईने त्यांनी ते केलं की मी बघतच राहिलो. डोळ्यासमोरून झाकण कसं बाजूला वळवायचं, मान कुठे फिरवायची, किती फिरवून थांबायचं, त्यांना सगळं माहीत होतं. ते याआधी त्यांनी केलं होतं. मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. गिऱ्हाइकं निघून गेली.  शेठनी बाटली काउंटरखाली ठेवली, आणि मी रागाच्या भरात डबा, थर्मास उचलून बाहेर पडलो. स्टेशनवर आल्यावर लक्षात आलं की पुरावा तिथेच राहिला.

पहिली बाटली माझ्याकडे आहे. डॉक्टरीणबाईंकडून मी ती परत मागून आणली. तळाला थोडं सुकलेलं पिवळं आहे. उडणारं होतं ते केव्हाच उडून गेलं.

बायकोच्या उजव्या बुबुळावर एक फिकट डाग राहिला आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, नशीब चांगलं. लाल आणि मरून तिला आता कळतात, पण वेढ्याला वेढा चिकटला की नाही ते दिसत नाही. ते ती अंगठ्याच्या नखाने चाचपते. मी अजून स्पिरिटचा दिवा पेटवू शकत नाही. काडी ओढतो, आणि ती मागच्या खोलीत कुठे बसली आहे ते आधी बघतो, आणि काडी विझवतो. थंडी आली की आम्ही थरच देत नाही. गिऱ्हाइकांना मार्चपर्यंत थांबायला सांगतो.

शेठ, पाणी मी गरम केलं. बिल मी नको म्हटलं. वास मला आला होता आणि मी तिकडे दुर्लक्ष केलं. हे बायकोला सांगितलं, डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं, आणि आता सगळ्यांना सांगतो आहे. माझ्याकडे लपवलेलं काही उरलेलं नाही. झाकण भिंतीकडे वळवायचं असतं हे तुम्हाला माहीत होतं. मला बाटली देताना का नाही सांगितलंत? आणि त्या दिवशी फोनवर, ती पाठीवर पडलेली असताना, मी एवढंच विचारलं होतं की त्यात काय आहे. तेच पुन्हा विचारतो. त्यात काय होतं? सांगा.